ठकूचा खडा

"बाप्यांना काटं आन् बायांना खडं," आक्का म्हणाली. "हां, मांड आता."

मी मांडायला बसले. बाभळीचे काटे एकीकडे, खडे एकीकडे. घाट उतरून खाली आलेल्या मेंढपाळांचा तो वाडा होता. वाडा म्हणजे भिंती आणि दरवाजे नव्हेत हं. भात कापून मोकळ्या झालेल्या रानात दोन-चार बिऱ्हाडं उतरतात, मेंढरांभोवती जाळं लावतात, घोडी मोकळी सोडतात, तीन दगडांच्या चुली मांडतात, त्याला म्हणायचं वाडा. रानाला खत मिळालं की वाडा उठतो आणि पुढच्या रानात जाऊन बसतो. दिवाळी झाल्यावर देशावरून निघालेल्या या वाड्याबरोबर मीही पायी चालत कोकणात उतरले होते. मी, चारुशीला दिघे, सामाजिक मानवशास्त्राची विद्यार्थिनी. वय असं की आपण जग समजून घेणार आणि जगाला त्याचं कोण कौतुक, असं वाटायचं.

"पण आक्का, बाप्ये काटे आणि बाया खडे, असं का?"

"बाप्या पायात मोडतो," आक्का भाकरी थापता थापता म्हणाली. "खडा निदान चुलीखाली सरकवता येतो."

पलीकडे कोकरू धरून बसलेली तिची सून बायडा खो-खो हसली. बायडाला सातवा महिना होता आणि हसली की तिला बसल्या जागी कळ यायची. "अगं आई गं," म्हणत ती पुन्हा हसली.

आमच्या शास्त्रात नात्यांचा तक्ता काढतात. पुरुष म्हणजे त्रिकोण, बाई म्हणजे गोल, लग्नाला दोन रेघा, लेकरांना खाली फांद्या. मी कागदावर काढून दाखवला तेव्हा आक्काला तो काही पटला नव्हता. "हे गोल समदे सारखेच दिसत्यात, ह्यात माजी सासू कुटली आन् मी कुटली?" म्हणून तिनं जमिनीवर मांडायला लावलं. सासूला काळा खडा, स्वतःला गारगोटी, बायडाला लालसर चपटा खडा. थोरला मुलगा धुळा, म्हणजे बायडाचा नवरा, त्याला लांबच लांब काटा. बायडाच्या पोटातल्या लेकरासाठी मी एक बारकासा खडा उचलला, तर आक्कानं माझ्या हातावर चापट मारली.

"आल्याबिगर मोजायचं न्हाई."

मी खडा टाकून दिला. सगळं कूळ पुढ्यात पसरलं होतं. कोंडाबाई गोफणे, म्हणजे आक्का, तिचा गेलेला नवरा, दीर, जावा, पुतणे. काम चोख झालं होतं. आणि मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी म्हटलं, "आक्का, यात मी कुठं?"

आक्कानं भाकरी तव्यावर टाकली. वरून पाणी फिरवलं. भाकरी उलटली.

"तू पाव्हणी. पाव्हण्याचा खडा नसतो."

ती रागानं बोलली नव्हती. पण मला ते फार लागलं. तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? तर सांगते. माझे वडील बदलीच्या नोकरीत, आई मी चालायला लागायच्या आधीच गेलेली. मी वाढले वसतिगृहांत. सुट्टीत सगळ्या मुली घरी गेल्या की मी आणि रखवालदारीणबाई, दोघीच. मुली माहेराबद्दल, आजोळाबद्दल बोलायला लागल्या की मी उठून कपडे धुवायला जायचे. आणि इथं, मेंढरांच्या वासात, आक्कानं पहिल्याच आठवड्यात माझं नाव बदलून टाकलं होतं. "चारुशीला? घोडं उधळलं तर तुला हाक मारूस्तवर घोडं रायगडाला पोचंल. ठकू म्हनू." तेव्हापासून मी ठकू. ठकू पाणी आण, ठकू कोकरू धर, ठकू मेलीला अजून जाळ लावता येत नाही. एवढ्या हाका मला जन्मात कुणी मारल्या नव्हत्या. आणि आता म्हणे पाव्हणी!

नेमकं त्याच दिवशी दुपारी सर आले.

नाडगौडा सर म्हणजे माझे मार्गदर्शक. त्यांची जीप बांधावर अडकली, म्हणून बिचारे ढेकळं तुडवत चालत आले. आक्कानं घोंगडी अंथरली. शेळीच्या दुधाचा चहा सरांनी तोंड वाकडं न करता प्यायला, तेवढं मात्र त्यांचं कबूल करायला हवं. मग जमिनीवरचे काटे-खडे बघून ते खूश झाले.

"वा! चारू, तुझं काम झालंय. चल आता परत."

"सर, अजून एक वर्ष हवं. परतीचा घाट चढायचाय यांच्याबरोबर. पावसाळ्यात गावी कसे राहतात ते बघायचंय. बायडाचं बाळंतपण आहे."

"बाळंतपण तू करणार आहेस का?" सर हसले, मग एकदम गंभीर झाले. "हे बघ, विभागात जागा निघते आहे. उन्हाळ्यापर्यंत प्रबंध दिलास तर ती तुझी. नाहीतर ती जागाही जाईल आणि आपला विषयही बंद करतील. वर सगळे विचारतायत, धनगरांच्या मागं फिरून देशाचं भलं काय होणार?"

"पण सर, उंटावरून शेळ्या हाकायचे दिवस संपले असं तुम्हीच वर्गात सांगायचात."

"उंटावरून खाली उतर म्हणालो होतो. शेळ्यांतच राहा असं नव्हतो म्हणालो." सरांनी चष्मा पुसला. "आपण पाहुणे, चारू. पाहुण्यानं जेवावं, आभार मानावेत, उठावं. तू इथली व्हायला बघतेस. इथली झालीस की तुला इथलं काही दिसायचं नाही."

सकाळपासून दुसऱ्यांदा कुणीतरी मला पाहुणी म्हणत होतं. मी हट्टाला पेटले. "मी येणार नाही," म्हटलं.

सर आक्काकडे वळले. "आजी, तुम्ही तरी सांगा हिला. परत पाठवा."

आक्का इतका वेळ आमच्या दोघांच्या तोंडांकडे बघत होती. ती म्हणाली, "पाव्हण्याला जा म्हनायची आमच्यात रीत न्हाई, बाबा. ऱ्हाईल तवर ऱ्हाईल."

मी सरांकडे असं काही बघितलं की जणू कोर्टात जिंकले. सर म्हणाले, "उद्या सकाळी जीप पाठवतो, विचार कर," आणि ढेकळांतून पडत-धडपडत निघून गेले. संध्याकाळी मेंढरं जाळ्यात घालताना मी गाणं म्हणत होते. धुळानं विचारलंदेखील, "ठकू, आज काय लाडू मिळालं का गं?" राहणार होते मी. पाहुणी तर पाहुणी, पण राहणार होते. आक्कानं मात्र जेवताना अर्धी भाकरी तशीच ठेवली.

सकाळी उजाडताच तिनं हाक मारली. चुलीपुढची जागा झाडून काटे-खडे पुन्हा मांडलेले होते. तिनं मला समोर बसवलं. तिच्या मुठीत काहीतरी होतं. मूठ उघडली तर पिवळट, गुळगुळीत खडा. नदीतला असावा, त्या रानात तसला खडा नव्हता. तो तिनं धुळाच्या काट्याला लागून ठेवला आणि बोटानं दाबून मातीत जरासा बसवला.

"ही ठकू," ती म्हणाली. "माजी लेक. धुळाच्या पाठची."

मला काही सुधरेना. मी रडले की हसले ते सांगता येत नाही, दोन्ही एकदमच झालं असावं. बायडानं कुंकू आणलं आणि माझ्या कपाळाला लावत म्हणाली, "घ्या! आता ह्या वन्सं झाल्या. आता ह्यांचा जाच सोसायचा."

"जाच मागनं कर, ठकू, आदी माजं कोकरू आन," धुळा ओरडला आणि सगळे हसले. मी वही आणली, कागदावरच्या तक्त्यात धुळाच्या त्रिकोणाशेजारी एक गोल काढला, खाली लिहिलं, ठकू. त्या एका गोलासारखं सुख मला पुढं कुठल्याही पदवीनं दिलं नाही.

मी वही मिटते तोवर आक्कानं माझ्यापुढं सूप आणून ठेवलं. त्यात खण, नारळ, बाजरी. "पदर पसर," ती म्हणाली. माझ्या अंगावर सलवार-कमीज होती, म्हणून मी ओढणी पसरली. बाजरी ओढणीत पडायला लागली आणि तेव्हा मला विचारायचं सुचलं.

"आक्का, ओटी कशाला?"

"लेकीला ओटी भरल्याबिगर धाडत्यात व्हय?"

"धाडत्यात? कुठं?"

"तुज्या घरी. तुजी ती युनिवरसिटी. तेच तुजं सासर म्हनायचं."

ओढणी माझ्या हातातून सुटली. बाजरी खाली सांडली. आक्कानं ती वेचून परत ओढणीत घातली.

"आक्का, मला नाही जायचं."

"कुटल्या लेकीला जायचं असतंय?"

"मग मला पाहुणीच राहू दे! काढ तो खडा!"

"मांडलेला खडा काढत न्हाईत." आक्काचा आवाज आता जरा हलला. "पाव्हणीला मला जा म्हनता येईना. म्हनून रातभर इचार केला. ठकू, मी बघितलंय तुला. घाटात तुजं पाय सुजलं, तू बोलली न्हाईस. पर लिवायला बसतीस तवा तुजं त्वांड असं उजळतंय, पोरी, का दिवा लावावा. आमी मेंढरामागं पोटासाठी फिरतो. तू फिरतीस ते आमच्या मायेपायी. मायेनं पाय दमत्यात. मग तू ना हितली ऱ्हाशील, ना तितली. माज्या लेकीचं असं झालेलं मला चालायचं न्हाई."

बायडा तोंड फिरवून कोकराला कुरवाळत बसली होती. मी आक्काच्या मांडीत डोकं घालून लहान पोरासारखी रडले. तिच्या लुगड्याला धुराचा आणि लोकरीचा वास होता. ती पाठीवरून हात फिरवत राहिली.

"परत कधी येऊ?" मी विचारलं.

"मुराळी धाडीन. दिवाळी झाली की आमी निघतोच की तुज्या गावावरनं. धुळा येईल तुला न्यायला. आपल्या पायानं यायचं न्हाई हां. लेकीनं मुराळी आल्यावर यावं, तवा माहेराला बी मान आन् लेकीला बी."

जीप आली. धुळानं माझं गाठोडं बांधापर्यंत आणून दिलं, आणि "येतो न्यायला," एवढंच म्हणून मान खाली घालून परत फिरला. मी वळून पाहिलं तर आक्का चुलीकडे तोंड करून बसली होती. जाळ तर केव्हाच पेटला होता, पण ती फुंकतच होती.

प्रबंध झाला. सरांनी तक्त्यातल्या माझ्या गोलावर तांबड्या पेन्सिलीनं फुली मारली. "अभ्यासक तक्त्यात नसतो, चारू." मी तो गोल तसाच ठेवला. पुस्तक छापलं तेव्हाही ठेवला. त्यावरून मोठमोठ्या माणसांनी नाकं मुरडली, मुरडू देत. जागा मिळाली. लग्न काही झालं नाही. तेव्हा आक्का म्हणाली तसं सासर ते हेच, विभागाची दगडी इमारत.

आणि दर दिवाळीनंतर मी पिशवी भरून ठेवायचे. बायडाला बांगड्या, तिच्या लेकरासाठी झबलं, आक्कासाठी तंबाखू. पुढच्या वर्षी झबल्याऐवजी फ्रॉक, मग शाळेचं दप्तर. डोंगराकडच्या रस्त्यावर घोडी आणि मेंढरं दिसली की मी रिक्षा थांबवून बघायचे, कुणी ओळखीचं आहे का. कुणी नसायचं. आलंच नाही कुणी. आधी काळजी वाटली, मग राग आला. मग वाटलं, विसरली असतील. मी कोण, चार महिने राहून गेलेली बाई. तरी पुढच्या दिवाळीला पिशवी भरलेली असायचीच.

माझी सहकारी निखत तांबोळी मला वेड्यात काढायची. "मॅडम, एसटी आहे, रस्ता आहे, गाव माहीत आहे. जाऊन का येत नाही?"

"मुराळी आल्याशिवाय लेक जात नाही, निखत."

"अहो, पण तुम्ही तर अभ्यासक!"

"म्हणून तर," मी म्हणायचे. दुसरी कुणी असती तर निघून गेली असती, आणि आक्कानंही तिला चार शिव्या देऊन जेवायला वाढलं असतं. पण मी रीत जाणणारी ना! बिनबोलावता गेले तर मी पुन्हा पाहुणी होईन, अशी धास्ती मनात बसली होती. शहाणपण कधी कधी असं नडतं बघा.

वर्षं गेली. आमच्या विषयाची तऱ्हा काय सांगायची! विभागात आम्ही दोघीच उरलो. निखतच्या हाताखालची मुलं घरोघर जेवण पोचवणाऱ्या पोरांबरोबर दुचाकीवर फिरून अभ्यास करायची, कुणी मोबाइलवरच्या भावकीच्या गटांचा, कुणी कचरा वेचणाऱ्यांचा. चांगलं काम करायची. पण वरून दर वर्षी तोच प्रश्न यायचा, याचा उपयोग काय? मी निवृत्त व्हायला आले होते आणि माझ्यामागं विभाग दुसऱ्या कुठल्यातरी विभागाला जोडून टाकायचं घाटत होतं.

अशातच दिवाळीनंतर प्रवेशाच्या मुलाखती होत्या. निखत आणि मी बसलो होतो. एक सावळी, उंच मुलगी आत आली. पाठीवर सॅक, खांद्यावर घोंगडीची घडी. खुर्चीवर बसायच्या आधी तिनं मला नीट न्याहाळलं.

"कशाचा अभ्यास करायचाय तुला?" निखतनं विचारलं.

"फ्लॅटमध्ये राहणाऱ्या लोकांचा."

"ते का?"

"ही माणसं जन्मभर एकाच जागी राहतात," मुलगी म्हणाली. "आम्ही दर चार दिवसांनी जागा बदलतो. मला लहानपणापासून कळत नाही, ह्यांना कंटाळा कसा येत नाही? आणि इतकी वर्षं तुम्ही आमचा अभ्यास केलात. आता आम्ही तुमचा केला तर चालेल का?"

निखत टाळी वाजवायची तेवढी बाकी राहिली. मी अर्ज पुढं ओढला. काजल धुळा गोफणे. अक्षरं माझ्यापुढं हलायला लागली.

"तू बायडाची?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"हो, सगळ्यात धाकटी." ती उठून टेबलाला वळसा घालून आली आणि वाकून माझ्या पाया पडली. "आमच्या कॉलेजात तुमचं पुस्तक सापडलं. त्यात आजीचं नाव. मग तक्ता बघितला तर दादांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, शेजारी एक गोल, खाली लिहिलंय ठकू. तेव्हा कळलं, आत्त्याचं इकडचं नाव वेगळं आहे."

"आक्का कशी आहे?"

"आजी गेली, आत्त्या. परवाच्या आखाडात वर्ष झालं."

निखतनं माझ्यापुढं पाण्याचा पेला सरकवला. मी तो नुसता धरून बसले. इतक्या वर्षांचा साठलेला राग एकदम वर आला, आणि मी त्या पोरीवर ओरडले, "मग मुराळी का नाही पाठवला कधी? मी वाट बघत होते! दर वर्षी बघत होते!"

काजल गोंधळली. "पाठवला होता की. दादा आले होते. पहिल्या दिवाळीला आले, मग दोनदा-तीनदा आले. वाडा माळावर ठेवून चालत यायचे. इथं फाटकावर विचारायचे, आमची बहीण हाय हितं, ठकूबाई गोफणे, तिला न्यायला आलोय. ते लोक सांगायचे, अशी कुणी बाई इथं नाही."

ठकूबाई गोफणे! माहेरचा माणूस माहेरच्याच नावानं विचारणार, दुसऱ्या कुठल्या? चारुशीला दिघे त्याच्या लेखी कधी नव्हतीच. आणि चारुशीला दिघे त्याच वेळी वर, या खिडकीत, पिशवी भरून बसली होती.

"मग आक्का काय म्हणाली?"

काजलनं मान खाली घातली. "आजी म्हणायची, सासरची मानसं धाडत नसतील. म्हणायची, ठकूला सासर खडतर मिळालं. मीच धाडली तिला. शेवटच्या दुखण्यात पण दादांना सांगत होती, अजून एकदा जाऊन ये रं, पाया पड त्यांच्या, म्हाताऱ्या आईसाठी तरी धाडा म्हनावं."

मी टेबलावर डोकं टेकलं आणि आक्काच्या मांडीत रडले होते तशी रडले, फरक एवढाच की पाठीवर हात फिरवायला ती नव्हती. हात निखतनं फिरवला. अगं आक्के, मला कुणी डांबलं नव्हतं गं. सासर बरं होतं. तू म्हणालीस तसंच झालं, लिहायला बसले की तोंड उजळायचं. हे एवढं तुला कळायला हवं होतं. एवढं एक कळवता आलं नाही.

मी डोळे पुसले तेव्हा काजल हळूच म्हणाली, "मेंढरं थोडी राहिलीत आता. पण वाडा निघालाय यंदा, टेकडीपलीकडं उतरलाय. दादांचे गुडघे गेलेत, म्हणून मी आले." मग ती निखतकडे वळली आणि तिनं रीतसर हात जोडले. "मी आत्त्याची मुराळी. धाडता का?"

निखत हसली की रडली, मला दिसलं नाही. "घेऊन जा बाई," ती म्हणाली. "आणि तुझा प्रवेश झाला म्हणून समज. पण आधी हिला घेऊन जा."

कपाटातून मी पिशवी काढली. बायडाच्या बांगड्या होत्या, तंबाखूची पुडी होती. तंबाखू बाहेर काढून टेबलावर ठेवली, मग राहवेना, पुन्हा आत घातली. भर दुपारी आम्ही दोघी फाटकाशी आलो. रखवालदारानं सलाम केला.

"मॅडम, आज लवकर? कुठं निघालात?"

"माहेरी," मी म्हटलं. "मुराळी आलाय. आणि हे बघा, पुन्हा कुणी ठकूबाई गोफणे म्हणून विचारत आलं, तर वर पाठवा. ती मीच."